मित्रमंडळाने स्वतः आखलेला परदेशी क्रीडाप्रवास : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : १८८६, १८८८ व १९११ चे क्रिकेट दौरे आणि बारामती-इंदापूर परिसरातील दिंडी-व्यवस्था)

सारांश

समान आवडीच्या मित्रांनी एकत्र यावे, खर्च वाटून घ्यावा, कार्यक्रम स्वतः ठरवावा आणि खेळण्यासाठी समुद्रापार जावे, ही कल्पना आज गोल्फ-पर्यटनाच्या निमित्ताने नवी वाटते. महाराष्ट्रात मात्र तिला सुमारे एकशेचाळीस वर्षांचा इतिहास आहे. मुंबईच्या पारशी खेळाडूंनी १८८६ व १८८८ मध्ये केलेले इंग्लंडचे दौरे, संस्थानिकांच्या आश्रयाने निघालेला १९११ चा दौरा आणि लोकवर्गणीतून घडलेला खाशाबा जाधव यांचा १९५२ चा हेलसिंकी प्रवास यांची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे. बारामती व इंदापूर तालुक्यांतून जाणाऱ्या पालखी सोहळ्यातील दिंडी-व्यवस्थेशी या प्रवासांचा ताळा घालून, स्वतः आखलेल्या प्रवासाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजशब्द : परदेशी क्रीडाप्रवास, पारशी क्रिकेट, पालवणकर बाळू, खाशाबा जाधव, दिंडी, भिशी, गोल्फ.

१. प्रास्ताविक

प्रवासाच्या इतिहासाचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने तीन अंगांनी झालेला आहे : तीर्थयात्रा, व्यापार आणि शिक्षणासाठी केलेले परदेशगमन. केवळ खेळण्यासाठी केलेला प्रवास हा विषय त्या मानाने उपेक्षित राहिला. खेळाच्या इतिहासात सामन्यांचे निकाल नोंदले जातात. परंतु सामना सुरू होण्यापूर्वी बोटीचे भाडे कोणी भरले, सामने कोणी ठरवले आणि संघात कोणाला घेतले, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. वास्तविक प्रवासाचे यशापयश पुष्कळदा याच गोष्टींवर अवलंबून असते.

सामूहिक प्रवासाची आखणी तीन प्रश्नांभोवती फिरते. खर्च कोणाचा? कार्यक्रम कोणाचा? आणि प्रवेश कोणाला? प्रवासी कंपनीच्या सहलीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रवासी देतो आणि दुसऱ्याचे कंपनी. आश्रयदात्याच्या दौऱ्यात दोन्ही उत्तरे आश्रयदाता देतो. मित्रांनी स्वतः आखलेल्या प्रवासात मात्र पहिली दोन्ही उत्तरे प्रवाशांच्याच हाती असतात आणि हेच त्याचे आकर्षण आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे न विचारताच दिलेले असते, कारण मित्र हे आधीच निवडलेले असतात. याच तिसऱ्या प्रश्नापाशी या प्रवासाची ऐतिहासिक मर्यादा दिसून येते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातून खेळण्यासाठी झालेल्या आरंभीच्या परदेश-प्रवासांच्या आखणीचे स्वरूप तपासणे.
२) स्वयंनियोजित, आश्रयाधारित आणि लोकवर्गणीवर आधारित अशा तीन प्रकारच्या प्रवासांची तुलना करणे.
३) बारामती-इंदापूर परिसरातील दिंडी-व्यवस्थेतून सामूहिक प्रवासाच्या आखणीची तत्त्वे शोधणे.
४) या पार्श्वभूमीवर मित्रांच्या गटाने आखलेल्या आजच्या परदेशी गोल्फ-प्रवासाचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. पार्श्वभूमी : समुद्र, बोट आणि मैदान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून इंग्लंडला जाणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. काही महिन्यांचा प्रवास काही आठवड्यांवर आला. पासपोर्ट, व्हिसा, परकीय चलनाची मंजुरी यांपैकी कशाचाही अडसर तेव्हाच्या प्रवाशाला नव्हता. भारतात पासपोर्टविषयक कायदा झाला तो १९२० मध्ये.

अडसर होता तो वेगळा. सनातनी हिंदू समाजात समुद्रगमन कलिवर्ज्य मानले जाई आणि परतलेल्या प्रवाशापुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांना टीकेला तोंड द्यावे लागले. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून मोठे वादंग माजले. तेथे समुद्र ओलांडण्याचाही प्रश्न नव्हता. अशा वातावरणात निव्वळ खेळण्यासाठी विलायतेस जाण्याचा विचार हिंदू मंडळींना सहजासहजी सुचणे शक्य नव्हते. पारशी समाजावर हे बंधन नव्हते. व्यापाराच्या निमित्ताने समुद्र त्याच्या परिचयाचा होता, हाती पैसा होता आणि क्रिकेटची गोडीही लागलेली होती. १८४८ मध्ये मुंबईत पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला आणि १८५० मध्ये झोरास्ट्रियन क्लब स्थापन झाला.

ज्या गोल्फच्या निमित्ताने हा विषय आज पुढे येतो, तो खेळही मुंबईला तेव्हा अपरिचित नव्हता. कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाले होते. परंतु ही मैदाने साहेबांची होती. एतद्देशीयांनी क्रिकेट उचलले, गोल्फ उचलला नाही. क्रिकेटला मोकळे मैदान आणि थोडी साधने पुरत. गोल्फला राखलेली विस्तीर्ण भूमी, तिची निगा आणि क्लबचे सदस्यत्व लागे. त्यामुळे स्वतः आखलेल्या क्रीडाप्रवासाचा इतिहास आपल्याकडे गोल्फपासून नव्हे, तर क्रिकेटपासून सुरू होतो.

४. १८८६ आणि १८८८ : स्वतः आखलेले दौरे

इंग्लंडला जाण्याची पारशी मंडळींची पहिली योजना १८७८ च्या सुमाराची. ती तडीस गेली नाही. पुढे आठ वर्षांनी ती प्रत्यक्षात आली. १८८६ च्या दौऱ्यामागे ना सरकार होते, ना कोणी संस्थानिक. समाजातील क्रिकेटप्रेमी मंडळींनी पुढाकार घेतला, सरे कौंटीचा व्यावसायिक खेळाडू रॉबर्ट हेंडरसन याला शिकवण्यासाठी मुंबईस आणले आणि इंग्लंडमधील सामने ठरवण्यासाठी सरे क्लबचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक यांचे साहाय्य घेतले. डॉ. डी. एच. पटेल कर्णधार होते. निरोपाच्या प्रसंगी फिरोजशहा मेहता यांनी या प्रवासाची तुलना यात्रेकरूंच्या तीर्थगमनाशी केली. खेळाच्या मायभूमीला मानवंदना देण्यासाठी व तेथे काही शिकण्यासाठी ही मंडळी निघाली आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

निकाल पाहता ही यात्रा खडतर ठरली. २८ सामन्यांपैकी एक जिंकला, १९ गमावले आणि ८ अनिर्णित राहिले. परंतु दौऱ्याचे मूल्य केवळ या आकड्यांत शोधणे योग्य होणार नाही. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, दुसरा संघ पेस्तनजी कांगा यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. या वेळी ३१ सामन्यांत ८ विजय मिळाले, ११ पराभव झाले आणि १२ सामने अनिर्णित राहिले. डॉ. मेहेलाशा पावरी यांनी या दौऱ्यात १७० बळी घेतले. एका विजयावरून आठ विजयांवर झालेली ही प्रगती पहिल्या दौऱ्याच्या अनुभवाविना समजावून घेता येत नाही. इंग्लंडमधील ओलसर खेळपट्ट्या, थंड हवा, एका गावाहून दुसऱ्या गावी रेल्वेने जाऊन लगेच मैदानात उतरण्याची दगदग, या गोष्टी अनुभवाखेरीज कळत नाहीत. ज्यांनी स्वतः आखणी केली, त्यांनाच तिच्यातील उणिवा दिसल्या आणि त्या दुरुस्त करण्याची मोकळीकही त्यांनाच होती.

या शिकवणीचे फळ मायदेशीही मिळाले. जानेवारी १८९० मध्ये जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ मुंबईस आला असता पारशी संघाने त्याला हरवले. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांच्यात नियमित प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले आणि ते मुंबईप्रमाणे पुण्यातही खेळले जाऊ लागले.

तथापि दोन्ही संघांची रचना पाहता एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही दौऱ्यांत सर्व खेळाडू पारशी होते. यामागे कोणाला वगळण्याचा हेतू असण्याचे कारण नाही. क्लब ज्यांचे, ओळखी ज्यांच्या आणि पैसा ज्यांचा, त्यांनी आपल्यातीलच मंडळी निवडली. स्वखर्चाने जाण्याच्या दौऱ्यात आणखी एक गाळणी आपोआप लागते : ज्याला काही महिने कामधंदा सोडणे परवडते, तोच जाऊ शकतो. उत्तम खेळाडू आणि सवड असलेला खेळाडू हे नेहमी एकच असतात असे नाही.

५. १९११ : आश्रयाखालील दौरा

ही गाळणी कोणाला बाहेर ठेवू शकत होती, याचे उत्तर पुण्याच्या मैदानांवर सापडते. चर्मकार समाजात १८७६ मध्ये जन्मलेल्या पालवणकर बाळू यांनी पूना क्लबच्या मैदानावर खेळपट्टी तयार करणे, जाळी बांधणे अशी कामे केली. जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी घडली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळवले ते मोठ्या चर्चेनंतर. मैदानावर ते सहकारी होते, परंतु चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. अशा खेळाडूला कोणते मित्रमंडळ स्वतःच्या खर्चाने, स्वतःबरोबर एका बोटीतून विलायतेस घेऊन गेले असते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

बाळू इंग्लंडला गेले ते १९११ मध्ये, ‘अखिल भारतीय’ म्हणून निघालेल्या पहिल्या संघातून. असा संघ पाठवण्याचा १९०३ मधील प्रयत्न कोणत्या समाजाचे किती खेळाडू घ्यायचे या वादात बारगळला होता. १९११ मध्ये संस्थानिक, उद्योगपती आणि क्रिकेटचे संघटक एकत्र आले. सहा पारशी, पाच हिंदू व तीन मुस्लिम खेळाडू निवडले गेले आणि पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग कर्णधार झाले. पाच हिंदूंमध्ये बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघे होते. समाजनिहाय वाटणीची ही पद्धत आज खटकते. पण व्यापक निवडीमुळेच बंद दार किलकिले झाले, हेही नाकारता येत नाही.

आश्रयाची किंमत मात्र याच दौऱ्यात मोजावी लागली. ते पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहण समारंभाचे वर्ष होते. महाराजांचे लक्ष लंडनमधील समारंभांकडे वळले आणि कर्णधार थोडेच सामने खेळला. त्यांच्या सेवेत असलेले के. एम. मिस्त्री हे नामांकित फलंदाजही त्यामुळे बहुतेक सामन्यांना मुकले. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. अशा परिस्थितीत बाळूंनी ११४ बळी घेतले. पहिल्या दर्जाच्या १४ सामन्यांतील त्यांचे बळी ७५ होते. ज्याला दौऱ्याच्या आखणीत कोणताही अधिकार नव्हता, त्याच खेळाडूने दौऱ्याची लाज राखली.

आश्रयदाता आणि कर्णधार एकच असण्याची ही रीत पुढेही टिकली. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे गेले. त्यांनी स्वतःच्या मर्यादा ओळखून लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटीत नेतृत्व नागपूरचे सी. के. नायडू यांच्याकडे सोपवले, हा त्यांचा मोठेपणा होय. पण खेळाडूंच्या गटाचे भवितव्य एका व्यक्तीच्या मोठेपणावर अवलंबून असणे, हेच आश्रयाचे वैगुण्य आहे.

६. १९५२ : लोकवर्गणीचा प्रवास

स्वतःचा पैसा आणि राजाचा पैसा यांखेरीज तिसरा मार्ग खाशाबा जाधव यांच्या प्रवासात दिसतो. कराडजवळील गोळेश्वर येथील हे मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला होता. त्या स्पर्धेत ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र पैसा उभा करावा लागला. गावकऱ्यांनी व परिचितांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. एका प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या खेळासाठी राहते घर गहाण टाकावे, ही घटना महाविद्यालयीन क्षेत्रातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर कुस्त्या खेळून त्यांनी हे ऋण फेडल्याचे सांगितले जाते.

येथे खर्च लोकांचा होता. पण लोकांनी कार्यक्रमावर हक्क सांगितला नाही. निवडीचा निकष होता तो केवळ गुणवत्तेचा. खर्च, कार्यक्रम आणि प्रवेश या तिन्ही प्रश्नांची न्याय्य उत्तरे येथे एकत्र आलेली दिसतात. मात्र हा मार्ग असाधारण गुणवत्तेसाठीच खुला होतो. केवळ हौसेने खेळणाऱ्या, पदकाची अपेक्षा नसलेल्या सामान्य माणसाच्या प्रवासाला लोक वर्गणी देणार नाहीत आणि त्यांनी ती द्यावी अशी अपेक्षाही करता येणार नाही. त्याने आपला खर्च आपणच करावा हे उघड आहे. मग त्याची आखणी कशी असावी?

७. बारामती-इंदापूर : दिंडीतील आखणी

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. फिरोजशहा मेहता यांना १८८६ मध्ये तीर्थयात्रेची उपमा सुचली होती; बारामती व इंदापूर या तालुक्यांतून अशी यात्रा दरवर्षी जाते. संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा देहूहून निघून पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड आणि उंडवडी गवळ्याची या मार्गाने बारामतीस येतो. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी आणि इंदापूर असा मार्ग आहे. सराटी येथे नीरेत पादुकांना स्नान घालून सोहळा सोलापूर जिल्ह्यात, अकलूजकडे जातो.

भक्तिभाव हा या सोहळ्याचा आत्मा असला, तरी त्याचे शरीर आखणीचे आहे. दिंडी हा त्यातील मूळ घटक होय. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि रथापुढे अमुक, रथामागे तमुक असे तिचे स्थान ठरलेले असते. मुक्कामांचे वेळापत्रक आधी जाहीर होते. दिंडीत चालणारा वारकरी जेवणखाण व मुक्कामाच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम भरतो. तिला भिशी म्हणतात. सामान वाहून नेणारा ट्रक, तंबू, पाण्याचा टँकर व स्वयंपाक यांची व्यवस्था दिंडीचे चालक पाहतात. वीणेकरी, टाळकरी, मृदंगी यांची कामे वाटलेली असतात आणि चोपदाराची खूण झाली की मोठा समुदाय शांत होतो. येथे नेतृत्व आहे, पण ते भाडे भरल्यामुळे मिळालेले नाही. ते कामामुळे आहे.

दिंडीच्या आखणीतून तीन तत्त्वे निघतात. पहिले, हिस्सा आधी ठरतो आणि आधी भरला जातो, त्यामुळे वाटेत पैशावरून कटुता येत नाही. दुसरे, वेळापत्रक व्यक्तीच्या लहरीवर बदलत नाही. तिसरे, भिशी भरून दिंडीची शिस्त पाळणाऱ्याला सहसा पूर्वओळखीची अट नसते. हे तिसरे तत्त्व मित्रमंडळाच्या प्रवासात आढळत नाही.

अर्थात दिंडीचे आदर्शीकरण करणेही इतिहासाला धरून होणार नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आळंदीच्या पालखीतील आपला अनुभव मांडताना, एकाच वाटेवर चालणारे ब्राह्मण व मराठा वारकरी जेवणाच्या वेळी वेगळे होत असल्याची वेदना नोंदवली आहे. एका नामाचा गजर करणाऱ्यांच्या पंगती वेगळ्या होत्या. पुण्याच्या मैदानावर एका संघातून खेळणाऱ्यांची चहाची भांडी वेगळी होती. प्रवासात किंवा खेळात एकत्र येणे सोपे, एकत्र जेवणे कठीण, हे दोन्ही ठिकाणी सारखेच खरे होते.

या परिसराला सामूहिक व्यवहाराचा दुसराही अनुभव आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या ऊसशेतीतून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने निघाले. भागभांडवल, संचालक मंडळ, वार्षिक सभा आणि हिशेबाची तपासणी हे शब्द येथील शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. सभासदाने हिशेब विचारणे हा त्याचा हक्क आहे, ही जाणीव सहकाराने रुजवली. प्रवासाच्या सामाईक खर्चालाही हीच जाणीव लागते.

८. परवान्यांच्या काळापासून गोल्फच्या मैदानापर्यंत

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशप्रवासापुढील धार्मिक अडसर ओसरला, पण त्याची जागा परवान्यांनी घेतली. परकीय चलनाची टंचाई असल्याने १९४७ व १९७३ च्या विनिमय नियंत्रण कायद्यांनी परदेशी खर्चावर कडक बंधने घातली. हौसेसाठी डॉलर मिळवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी मानली जाई. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सांगितले. त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात हे तत्त्व अधिक दृढ झाले. जून २००० मध्ये नवा विनिमय व्यवस्थापन कायदा अमलात आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवण्याची मुभा दिली आणि २०१५ मध्ये ही मर्यादा अडीच लाख डॉलरवर नेली. त्यामुळे बारामतीचा डॉक्टर, इंदापूरचा बागायतदार आणि त्यांचे पुण्यातील मित्र यांना खेळण्यासाठी परदेशी जाण्याची मोकळीक मिळाली. १८८६ च्या पारशी खेळाडूंना परवान्यांविना जे करता आले, ते करण्याची सोय सुमारे सव्वाशे वर्षांनी, आणि अधिक व्यापक प्रमाणावर, पुन्हा उपलब्ध झाली.

गोल्फ हा या परिसराचा पारंपरिक खेळ नव्हे. येथील मातीतला खेळ कुस्तीचा. परंतु पुण्यात हा खेळ रुजला आहे. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळले. या खेळाची रचनाच मित्रांच्या गटाला अनुकूल आहे. चौघांचा गट एकत्र खेळतो, ‘हँडिकॅप’च्या पद्धतीमुळे कमी-अधिक कौशल्याचे खेळाडू बरोबरीने स्पर्धा करू शकतात, एका फेरीस चार-पाच तास लागत असल्याने गप्पांना वाव असतो. म्हणून गट चाराच्या पटीत असणे सोयीचे ठरते आणि हँडिकॅपचा दाखला पासपोर्टइतकाच जपून न्यावा लागतो.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे माहेरघर. तेथील ‘ओल्ड कोर्स’ हे सार्वजनिक मैदान आहे. त्यावर खेळण्यासाठी अनेकांना रोजच्या सोडतीत नाव द्यावे लागते आणि नाव निघेलच याची शाश्वती नसते. रविवारी तेथे सहसा खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी मैदानावर फिरतात. ज्या मंडळींनी हे आधी समजून घेतले नाही आणि एकच मोकळा दिवस हाती ठेवला, त्यांचा प्रवास फुकट जाण्याचा संभव असतो. जवळपासच्या अन्य मैदानांचे आरक्षण करून ठेवणे आणि सोडतीसाठी दोन-तीन दिवस राखणे, हीच शहाणपणाची आखणी होय. १८८६ मध्ये अल्कॉक यांच्या साहाय्याने जे काम झाले, ते आज प्रत्येक गटाने स्वतः करावयाचे असते.

उरतात ते तीन जुने प्रश्न. खर्चाबाबत दिंडीची रीत येथे लागू पडते : बोलणी पक्की होताच प्रत्येकाने आपली भिशी एका सामाईक खात्यात भरावी, एकाने हिशेब ठेवावा, दुसऱ्याने तो तपासावा आणि ऐनवेळी कोणी मागे हटल्यास परतावा किती हे आधीच लिहून ठेवावे. कार्यक्रमाबाबत १९११ चा धडा ध्यानात ठेवावा : गटातील सर्वांत धनवान सदस्य आपोआप कर्णधार होऊ नये. एकाच्या सोयीसाठी वेळापत्रक बदलले की मित्रांचा प्रवास आश्रयाचा प्रवास बनतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. गोल्फच्या जगात बंद दारांचा इतिहास मोठा आहे. सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा निर्णय सप्टेंबर २०१४ मध्ये घेतला. क्लबची स्थापना १७५४ ची. म्हणजे हे दार उघडण्यास दोनशेसाठ वर्षे लागली. म्युअरफिल्डच्या क्लबने तर २०१६ मध्ये असा प्रस्ताव फेटाळला आणि २०१७ मध्ये तो मान्य केला. भारतातील अनेक मैदानांवर खेळाडूंचे साहित्य वाहणारे कॅडी हे स्वतः उत्तम खेळणारे असतात. खेळाडू आणि कॅडी यांच्यातील अंतर पूना क्लबच्या मैदानावर गोलंदाजी करणाऱ्या बाळूंची आठवण करून देते.

९. निष्कर्ष

१) खेळण्यासाठी मित्रांनी स्वतः आखलेला परदेशप्रवास ही अलीकडची परकी कल्पना नसून, १८८६ व १८८८ च्या पारशी दौऱ्यांपासून तिची परंपरा महाराष्ट्रात आहे.

२) स्वयंनियोजनाचे मुख्य सामर्थ्य चुकांपासून शिकण्यात आहे. १८८६ मधील एका विजयावरून १८८८ मधील आठ विजयांपर्यंतची वाटचाल हे त्याचे स्पष्ट उदाहरण होय.

३) आश्रयाधारित दौऱ्यात कार्यक्रमावरील हक्क खेळाडूंकडे राहत नाही, परंतु १९११ चा दौरा दाखवतो की, मित्रमंडळाच्या कक्षेबाहेरील गुणवंताला अशाच व्यापक निवडीतून संधी मिळाली. स्वातंत्र्य आणि समावेश या दोन मूल्यांतील हा ताण आजही सुटलेला नाही.

४) बारामती-इंदापूर परिसरातील दिंडी आणि सहकार यांच्या अनुभवातून आगाऊ हिस्सा, ठरलेले वेळापत्रक, कामाची वाटणी आणि हिशेबाची खुली तपासणी ही तत्त्वे मिळतात. परदेशी प्रवासाच्या आखणीस ती पुरेशी आहेत. त्यासाठी नव्या शास्त्राची गरज नाही.

५) स्वखर्चाने जाणाऱ्या गटाने आपले सोबती निवडणे हा त्याचा हक्क आहे. मात्र चौघांच्या गटात चौथी जागा रिकामी असेल, तेव्हा ती कोणाला द्यावी याचा विचार नेहमीच्या ओळखींपलीकडे जाऊन करता येईल. बारामती किंवा इंदापूरच्या महाविद्यालयातील एखादा होतकरू खेळाडू, एखादी विद्यार्थिनी अथवा मैदानावर काम करणारा तरुण त्या जागेवर जाऊ शकेल. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून जे केले, त्याच्या तुलनेत चौघांनी मिळून एकाचा खर्च उचलणे फार कठीण नाही.